ओढ्यापासून किती लांब? बारावी भूगोलाच्या एका क्षेत्र अभ्यासाचं प्रकरण

हे प्रकरण २०२३-२४ या शैक्षणिक वर्षातलं आहे. मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला भूगोल शिकवते. विद्यार्थिनीचं नाव इथे सायली असं बदललं आहे. वस्तीचं आणि उपओढ्याचं नाव मुद्दाम गाळलं आहे, ते का हे पुढे कळेलच. लिहिण्याआधी सायलीला आणि तिच्या वडिलांना विचारलं होतं. वडील म्हणाले, "लिहा की मॅडम, पण आमच्या गल्लीचं नाव नको."

पार्श्वभूमी

बारावीला भूगोलाची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि प्रात्यक्षिक २० गुणांचं. मुलं हा विषय 'स्कोअरिंग' म्हणून घेतात आणि प्रमाण विचलनाचं गणित समोर आलं की वर्गातली निम्मी डोकी खाली जातात, कारण दहावीनंतर गणित सुटलं याच आनंदात ती कला शाखेला आलेली असतात. शिवाय बारावीचं पुस्तक जवळजवळ पूर्ण मानवी भूगोलाचं आहे: लोकसंख्या, मानवी वस्ती आणि भूमी उपयोजन, प्राथमिक-द्वितीयक-तृतीयक आर्थिक क्रिया, प्रादेशिक विकास. डोंगर, नद्या, झीज हा भाग बराचसा अकरावीला उरकलेला असतो. मुलांना मात्र भूगोल म्हणजे तोच वाटतो.

क्षेत्रभेटीचा अहवाल हा प्रात्यक्षिकाचा भाग. एरवी काय होतं ते सांगते. एक बस ठरते, सगळा वर्ग एखाद्या धरणावर, साखर कारखान्यावर किंवा सिंहगडावर जाऊन येतो आणि पुढच्या आठवड्यात साठ अहवाल येतात. त्यातले पन्नास तरी 'आम्ही सकाळी सात वाजता निघालो' या वाक्याने सुरू होतात. त्या वर्षी मी एक मुभा दिली. ज्यांना हवं त्यांनी राहत्या भागातला छोटा प्रश्न घेऊन स्वतंत्र अहवाल करावा. तीन जणांनी हात वर केला, दोघांनी दिवाळीआधी खाली घेतला. सायली राहिली.

सायलीचं घर आंबिल ओढ्याला मिळणाऱ्या एका उपओढ्याकाठी, दाटीच्या वस्तीत. आई शिवणकाम करते, वडील फरशी बसवण्याची कामं घेतात. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगवतो आणि सहकारनगर, अरण्येश्वर, पर्वतीच्या पायथ्याकडून मुठेला मिळतो. त्याचं पाणलोट क्षेत्र लहान, वरचा भाग तीव्र उताराचा आणि खाली बसाल्टचा खडक. जोराचा पाऊस झाला की पाणी जमिनीत फार मुरत नाही, तासा-दोन तासांत ओढ्यात येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तेच झालं. त्या पुरात शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. सायली तेव्हा तेरा वर्षांची होती. धाकट्या भावाला घेऊन ती रात्रभर माळ्यावर बसली होती आणि खाली पिठाचा डबा तरंगताना बघत होती. हे तिने मला फार उशिरा सांगितलं. विषय निवडताना फक्त म्हणाली, "आमच्या गल्लीत काही घरांत पाणी जास्त आलं, काहींत कमी. ते का, ते बघायचंय."

प्रश्न चांगला होता. इतका चांगला, की मी त्यावर पुरेसा विचारच केला नाही.

अडचण

गृहीतक आम्ही दोघींनी पाच मिनिटांत ठरवलं: घर ओढ्याच्या जितकं जवळ, तितकं घरात पाणी जास्त. गल्लीतल्या ३१ घरांचं ओढ्यापासूनचं अंतर काढायचं, २०१९ ला घरात किती पाणी होतं ते विचारायचं, दोन्हींना क्रमांक द्यायचे आणि स्पिअरमनच्या पद्धतीने सहसंबंध काढायचा, म्हणजे दोन्ही क्रम किती जुळतात तो आकडा: पूर्ण जुळले तर १, काहीच संबंध नसला तर शून्य. वर्गात शिकवलेलं सूत्र खऱ्या आकड्यांवर चालवून बघायला मिळेल, यातच मी खूश होते.

पहिली अडचण दारातच आली. हातात वही घेऊन घरोघर जाणाऱ्या मुलीला लोक म्हणाले, "कसला सर्व्हे? कॉर्पोरेशनचा आहे का?" जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ आंबिल ओढ्याकाठच्या घरांवर झालेली कारवाई कुणी विसरलं नव्हतं. ओढा, मोजमाप आणि वही या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की लोकांना पुढचा बुलडोझर दिसतो. सायलीला सगळे ओळखत होते, तरी दोन घरांनी तिला आत घेतलं नाही. मग आई बरोबर गेली. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांनी आईकडे बघून दारं उघडली.

दुसरी अडचण आठवणींची. चार वर्षांनी पाण्याची खोली कुणी फुटात सांगत नाही. "गळ्याएवढं होतं बघ" असं सांगणाऱ्या आजींचा गळा साडेचार फुटांवर आणि त्यांच्या मुलाचा पाच फुटांवर. इथे सायलीने स्वतःच्या डोक्याने एक चांगली गोष्ट केली. तिने माणसांच्या अंगावरून विचारणं सोडलं आणि वस्तूंवरून विचारायला सुरुवात केली: ओटा बुडाला का, विजेच्या मीटरपर्यंत आलं का, देव्हारा भिजला का, खिडकीच्या कितव्या गजापर्यंत? मग ती टेप लावून ती उंची मोजायची. तीन घरांत रंगाखाली चिखलाची रेघ अजून दिसत होती, तिथे तर प्रश्नच नव्हता.

३१ पैकी २४ घरांची माहिती जमली. सात घरं सुटली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने गणित केलं. क्रमांकांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज १८८६, आणि सहसंबंध ०.१८.

म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ओढ्याला खेटून असलेल्या एका घरात घोटाभर पाणी होतं आणि सव्वाशे मीटर लांबच्या घरात मीटरचा बॉक्स बुडाला होता. ती वही घेऊन स्टाफरूममध्ये आली आणि म्हणाली, "मॅडम, माझं चुकलं."

समोरचे पर्याय

नोव्हेंबरचा शेवट होता. जानेवारीत पूर्वपरीक्षा, फेब्रुवारीत प्रात्यक्षिक. चार वाटा होत्या.

पहिली, आकडे 'नीट' करणं. हे कुणी उघड बोलत नाही, पण होतं. तिच्याच मैत्रिणीने सुचवलं होतं की चार घरं काढून टाक, मग बघ कसं जुळतं. सायलीने घरी करूनही बघितलं होतं आणि सहसंबंध ०.६० च्या आसपास आला होता. तिने ते मला दाखवलं, यालाच मी तिचा प्रामाणिकपणा म्हणेन. मी विचारलं, ती चार घरं का काढलीस? म्हणाली, "ती बसत नव्हती म्हणून." बोलताबोलताच तिच्या लक्षात आलं.

दुसरी, विषय सोडून सिंहगडाच्या सहलीचा अहवाल लिहिणं. सहल होऊन गेली होती आणि ती त्यात होती. विभागप्रमुखांचं मत हेच होतं, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. पूर हा विषय बारावीच्या पुस्तकात सरळ कुठे बसत नाही, बहिःस्थ परीक्षकाने तेच विचारलं तर मुलीचं नुकसान, आणि लेखी ८० गुणांचा अभ्यास मागे पडतोय तो वेगळाच.

तिसरी, ०.१८ हाच निकाल म्हणून लिहिणं. गृहीतक सिद्ध झालं नाही, असा निष्कर्षही निष्कर्षच असतो. मला ही वाट पसंत होती. माझ्यापुरती ती सोपी आणि सुरक्षित होती, हेही खरं.

चौथी वाट सायलीने काढली. ती म्हणाली, "लांबच्या त्या घरात जायला दोन पायऱ्या उतरतो आपण."

अंतर आम्ही आडवं मोजलं होतं. पाण्याला आडव्या अंतराशी काय देणंघेणं? ते उतार बघतं. मोजायची होती ती जमिनीची उंची. पहिल्याच दिवशी हे मला सुचायला हवं होतं. वीस वर्षं मी समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवते आहे.

प्रत्यक्षात काय केलं

उंची काढायची हे ठरलं, पण कशी? मी तिला स्थलनिर्देशक नकाशाकडे पाठवलं. सवयीचा मार्ग. पुणे शहर दोन शीटांवर पडतं: शिवाजीनगर ४७ एफ/१४ वर, कात्रज ४७ एफ/१५ वर, आणि दोन्हींमधली कड म्हणजे १८°३०' उत्तर अक्षवृत्त. तिने शीट उघडलं आणि परत आली. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर तिची दोनशे मीटरची गल्ली म्हणजे चार मिलिमीटर, पेन्सिलीच्या एका ठिपक्यात मावणारी. समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने, आणि आम्हाला हवा होता फूट-दीड फुटाचा फरक. मोबाइलमधली उंची बघितली तर एकाच ओट्यावर उभं राहून ती पाच मिनिटांत कितीतरी मीटर वरखाली होत होती. उपग्रहावरून काढलेल्या उंचीच्या आकड्यांचीही गत तीच, त्यांच्या एकेका चौकोनात गल्लीतली कितीतरी घरं. पुस्तकातलं प्रत्येक साधन या कामाला फार मोठं होतं.

ही अडचण सायलीने जेवताना घरी सांगितली असणार. दुसऱ्या दिवशी ती आली ती हसतच. "मॅडम, पप्पा म्हणतात लेव्हल काढायला नकाशा कशाला पाहिजे?"

गवंडी आणि फरशीवाले वापरतात ती लेव्हलची नळी तुम्ही पाहिली असेल. पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी, तिच्यात पाणी. दोन्ही टोकं वर धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं, मधे भिंत असो की वळण. खोलीच्या चार कोपऱ्यांत फरशीची पातळी जुळवायला तिच्या वडिलांनी ती आयुष्यभर वापरली आहे. पातळी जुळवायची आणि टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे टेपने मोजायचं, की दोन जागांच्या उंचीतला फरक हातात येतो. फरक मिलिमीटरमध्ये कळतो आणि साधनाची किंमत दोन-तीनशे रुपये.

बांधकामाची कामं अमावास्येला बंद असतात. कार्तिकी अमावास्येला, म्हणजे डिसेंबरात, बापलेक सकाळीच नळी घेऊन निघाले. दुपारी मीही गेले. ओढ्यावरच्या मोरीच्या, म्हणजे खालून पाइपांतून पाणी जातं त्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर खडूने फुली मारून तिला शून्य धरलं होतं. तिथून नळीच्या लांबीएवढ्या टप्प्यांनी गल्लीत शिरायचं, प्रत्येक उंबऱ्याशी थांबायचं आणि शेवटी फिरून त्याच फुलीवर यायचं. परत आल्यावर फरक शून्य यायला हवा. आला ११ सेंटिमीटर.

सायलीचा चेहरा उतरला. वडिलांनी नळी उन्हात धरून पाहिली. मधोमध, वाटाण्याएवढा हवेचा बुडबुडा. "बुडबुडा असला की लेव्हल खोटं बोलते," म्हणाले, नळी ओतली, सावकाश परत भरली, टिचक्या मारून बुडबुडे काढले. पण तोवर उजेड कलला होता. सगळं पुन्हा पुढच्या रविवारी केलं, तेव्हा फुलीवर परतताना फरक तीन सेंटिमीटर आला. तेवढा फरक अहवालात लिहून सोडून दिला.

(वर्गात मी 'मापनातील त्रुटी' यावर दोन तास बोलते. बुडबुडा दाखवला असता तर दहा मिनिटांत झालं असतं.)

नवे आकडे घालून गणित केलं: जो उंबरा खाली, तिथे पाणी जास्त. सहसंबंध ०.५१. सुधारला, पण मनासारखा नाही. मी म्हटलं, पुरे, आता लिहायला घे. ती घरी गेली आणि तक्ता वडिलांना वाचून दाखवला. ते ऐकता ऐकता थांबवून म्हणाले, "या घराची फरशी मीच उचलली की, पुरानंतर. नऊ इंच."

२०१९ नंतर गल्लीतल्या ज्यांना परवडलं त्यांनी जोतं वर घेतलं होतं. भराव टाकून नवी फरशी. चार घरांचं काम तर सायलीच्या वडिलांनीच केलेलं. आम्ही पाण्याची खोली पुराच्या वेळच्या फरशीपासूनची धरली होती आणि फरशीची उंची आजची. "पाणी तेव्हाचं मोजलंस ना, मग फरशीही तेव्हाची घे," एवढंच ते म्हणाले. सायलीने पुन्हा घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारला: फरशी उचलली का, किती? २४ पैकी नऊ घरांनी उचलली होती. कुठे सहा इंच, कुठे सव्वा फूट. ते वजा केलं, मीटरच्या बॉक्सवरून काढलेल्या पाण्याच्या खोलीतही दुरुस्ती केली. फरकांच्या वर्गांची बेरीज ३९२. सहसंबंध ०.८३.

कुणीही म्हणेल, खोलगट घरात पाणी जास्त, हे सांगायला गणित कशाला? बरोबर आहे. मलाही तसंच वाटलं. पण आता उंचीचा हिशेब लागल्यामुळे, उंचीने ज्यांचा उलगडा होत नाही अशी घरं वेगळी दिसायला लागली. अशी पाच निघाली. त्यांचे उंबरे काही फार खाली नव्हते, तरी पाणी अपेक्षेपेक्षा दीड-दोन फूट जास्त. सायलीने हाताने काढलेल्या नकाशावर त्या पाच घरांना लाल गोल केले आणि ते सगळे गोल एकाच जागी आले: मोरीच्या वरच्या अंगाला.

मोरीत दोन सिमेंटचे पाइप आहेत. पुरात वरून आलेल्या फांद्या, गाद्या, प्लॅस्टिक त्यांत अडकलं आणि पाण्याला मागे फुगवटा आला. मोरीच्या खालच्या बाजूला, ओढ्याला खेटून असलेल्या घरात घोटाभरच पाणी का, याचं उत्तरही तिथेच होतं. मैत्रिणीने काढून टाकायला सांगितलेल्या चार घरांपैकी तीन या भानगडीतली होती.

अहवाल लिहिताना आणखी दोन निर्णय घ्यावे लागले. एक नकाशाचा. कोणत्या घरात किती पाणी शिरलं हे घरक्रमांकासह कागदावर आलं, तर तो कागद कुठे फिरेल सांगता येत नाही. नदी-ओढ्याकाठी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या शब्दांना तिथे माणसं दचकतात. म्हणून घरांना क, ख, ग अशी अक्षरं दिली, गल्लीचं नाव काढलं आणि दिशा ठेवली. दुसरा निर्णय शब्दांचा. सायलीने पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, 'मोरीमुळे पूर आला'. पाच घरांवरून एवढं म्हणता येत नाही. पूर पावसाने आला. मोरीच्या वरच्या बाजूला पाण्याची पातळी खालच्या बाजूपेक्षा जास्त होती, एवढंच तिच्या आकड्यांतून दिसतं. यावर ती माझ्यावर रुसली. माळ्यावर ती बसली होती, मी नव्हे. पण वाक्य बदललं.

राहिला विभागप्रमुखांचा मुद्दा, हे बारावीच्या कोणत्या प्रकरणात बसतं हा. अहवालाचं शीर्षक आम्ही 'ओढ्याकाठच्या वस्तीतील भूमी उपयोजन आणि पाण्याची पातळी' असं केलं आणि ओढ्याच्या पात्राची बांधकामामुळे बदललेली रुंदी मोजून एक पान जोडलं. थोडी मखलाशी होती, नाकारत नाही. पण खोटं काहीच नव्हतं.

निष्पत्ती

पूर्वपरीक्षेत सायलीला भूगोलात ८० पैकी ४६ पडले. वर्गात सहामाहीला ती दुसरी होती. व्याख्या आणि 'फरक स्पष्ट करा' हे प्रश्न तिने अर्धवट सोडले होते आणि जगाच्या नकाशात तीन जागा चुकल्या होत्या. डिसेंबरच्या चार आठवड्यांची ती किंमत होती. अर्थशास्त्रातही घसरली. आई कॉलेजात येऊन मला शांतपणे म्हणाली, "मॅडम, नळीचं कौतुक झालं, आता पुस्तक धरायला सांगा." मी सांगितलं. अहवालाला पुढे हात लावायचा नाही, अशी तारीखच ठरवून दिली.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा झाली. परीक्षकांनी अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न तोच विचारला, हे बारावीत कुठे आहे? सायली म्हणाली, वस्ती कुठे वसते आणि तिथे जमीन कशी वापरली जाते हे तिसऱ्या प्रकरणात आहे, माझी वस्ती ओढ्याकाठी आहे. मग त्यांनी नळीबद्दल विचारलं आणि वीस मिनिटं तेच चाललं, बाहेर रांगेतली मुलं वैतागली. २० पैकी १९ मिळाले. खरं सांगायचं तर सिंहगडाचा अहवाल नीट अक्षरात लिहिणाऱ्यांनाही १९ मिळाले होते. गुणांच्या हिशेबात या सगळ्या उद्योगाचा फायदा शून्य.

मे महिन्यात निकाल लागला तेव्हा भूगोलात लेखीसह ८४ होते. पूर्वपरीक्षेनंतर तिने खूपच भरून काढलं. तिने आता भूगोल घेऊन बी.ए.ला प्रवेश घेतला आहे आणि संगणकावर नकाशे करायला शिकते आहे. पुढे विद्यापीठाच्या भूगोल विभागात जायचं म्हणते. घरी मात्र 'बी.एड. होईल ना यातून?' हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

गल्लीत काय झालं? मोरी आहे तशीच आहे. पण सायलीने २४ घरांना एकेक चिठ्ठी दिली: तुमची आजची फरशी मोरीच्या कठड्यापासून इतकी खाली, २०१९ चं पाणी आजच्या फरशीपासून इतकं वर. ती चिठ्ठी बघून शेजारच्या काकूंनी फ्रिजसाठी लोखंडी स्टँड करून घेतला, चिठ्ठीतल्या आकड्यापेक्षा चार बोटं उंच. एका घराने मीटर वर घेण्याचा अर्ज दिला. कठड्यावरच्या खडूच्या फुलीवर वडिलांनी ऑइल पेंट मारला. २५ जुलै २०२४ ला शहरात जोराचा पाऊस झाला, खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं. त्या सकाळी सायलीने मला मोरीचा फोटो पाठवला. पाणी फुलीच्या बरंच खाली होतं. खाली तिने फक्त आकडा लिहिला होता.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, काम ऑक्टोबरऐवजी जूनमध्ये सुरू करीन. पावसाळ्यात ओढा वाहताना बघितला असता तर अंतराचं गृहीतक आमच्या डोक्यात आलंच नसतं. कॉलेजचं वेळापत्रक मात्र क्षेत्रभेट दिवाळीच्या आसपास टाकतं आणि मीही त्यामागे गेले.

दुसरं, २४ घरांचा हट्ट नको होता. मोरीच्या वर सहा आणि खाली सहा घरं घेतली असती तरी मुख्य गोष्ट दिसली असती आणि पूर्वपरीक्षेचे काही गुण वाचले असते. त्या वेळी मला 'नमुना मोठा हवा' याचंच कौतुक होतं.

तिसरं, वडिलांना मी पहिल्या दिवशी भेटायला हवं होतं. गल्लीतली कोणती फरशी कधी आणि किती उचलली याची नोंद कुठल्याही कार्यालयात नाही, ती त्या माणसाच्या डोक्यात होती. पालकसभेत आमची दोनदा भेट झाली होती. दोन्ही वेळा मी त्यांना हजेरीची टक्केवारी सांगितली होती.

आणि एक गोष्ट मला निकालानंतर लक्षात आली. सुटलेली सात घरं. दोन घरांनी दार उघडलं नव्हतं, पण उरलेली पाच भाड्याची होती आणि तिथले लोक पुरानंतर सोडून गेले होते, म्हणून माहिती मिळाली नाही, असं अहवालात एका ओळीत लिहिलं आहे. ती पाच खोल्यांची रांग गल्लीच्या सगळ्यात खोल टोकाला आहे. ज्यांच्या घरात बहुधा सगळ्यात जास्त पाणी होतं, तेच आमच्या तक्त्यात नाहीत, आणि ०.८३ हा आकडा त्यांना वगळून आलेला आहे. सायलीला मी हे ऑगस्टमध्ये फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यातली एक मावशी धायरीला राहते. आईकडे तिचा नंबर असेल."